विज्ञान पदवीधरांनी कंपनीतील नोकरीसाठी रिझ्युमे आणि सोबतचे पत्र कसे लिहावे

(आमच्या टायपिंग व ऑनलाइन अर्ज केंद्राच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेचे निकाल लागले की यवतमाळ जिल्ह्यातील आमच्यासारख्या तालुक्याच्या गावीही बी.एस्सी. आणि एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींची केंद्रात ये-जा वाढते, आणि बहुतेकांची मागणी एकच असते: "भाऊ, एक चांगला बायोडाटा करून द्या, कंपनीत टाकायचा आहे." टायपिंग, मांडणी, इंग्रजी भाषांतर आणि पीडीएफ हे काम आमचे आहे. कागदावर काय लिहायचे ते मात्र आपल्याकडूनच यावे लागते, आणि ते कसे तयार करून आणावे हे आधी समजले तर आपली एसटीची एक फेरी तरी वाचते.

सुरुवातीच्या काळात आमच्याही हातून एक चूक झाली, ती येथे सांगणे योग्य वाटते. आम्ही संगणकात एकच नमुना ठेवला होता आणि त्यात फक्त नाव, पत्ता व टक्केवारी बदलून देत होतो. एकाच महाविद्यालयातील दोन मैत्रिणींनी एकाच औषध कंपनीत अर्ज केला. मुलाखत घेणाऱ्यांनी दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा "मेहनती, प्रामाणिक आणि सर्वांना सोबत घेऊन काम करणारी" हे वाक्य दोन्हीकडे तेच निघाले, इतकेच नव्हे तर त्यातील टायपिंगची चूकही तीच निघाली. चूक आमची होती, खजील मात्र त्या दोघींना व्हावे लागले. तेव्हापासून तयार नमुन्यात नाव बदलून देण्याचे काम आम्ही बंद केले आहे.

कागद कोण वाचतो

कारखाना बुटीबोरी, हिंगणा किंवा मिहानमधला असो, वाळूजचा असो की हैदराबादच्या बाजूचा, अर्जाचा प्रवास साधारण सारखाच असतो. आधी मनुष्यबळ विभागातील व्यक्ती, आणि मोठ्या कंपनीत अनेकदा संगणकप्रणाली, जाहिरातीतील शब्द आपल्या कागदात आहेत का ते पाहते: पदवी, मुख्य विषय, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, हाताळलेली यंत्रे. त्यातून उरलेले अर्ज गुणवत्ता नियंत्रण किंवा उत्पादन विभागाच्या प्रमुखाकडे जातात, आणि हा माणूस स्वतः कधीकाळी तासन्‌तास ब्युरेटसमोर (द्रावण थेंब-थेंब मोजून सोडणाऱ्या काचेच्या नळीसमोर) उभा राहिलेला असतो. त्याला विशेषणे नको असतात. समोरच्या मुलाला उद्या सकाळी प्रयोगशाळेत उभे केले तर तो काय करू शकेल, एवढेच त्याला पाहायचे असते.

म्हणून लग्नाचा बायोडाटा आणि नोकरीचा रिझ्युमे यांची सरमिसळ करू नये. वरच्या बाजूला "श्री गणेशाय नमः", जात, धर्म, उंची, वडिलांची शेती किती एकर आणि भावंडे काय करतात, ही सर्व माहिती सोयरिकीसाठी ठीक आहे. कंपनीला तिची गरज नसते. आधार व पॅन क्रमांक तर रिझ्युमेवर मुळीच लिहू नये, कारण तो कागद किती हातांतून जाईल हे आपल्याला ठाऊक नसते. नाव मात्र पदवी प्रमाणपत्रावर आहे त्याच स्पेलिंगने लिहावे. आपल्याकडील गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते आणि आधार कार्डावर शेवटी, त्यामुळे पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत नसता घोळ होतो. मोबाइल क्रमांक असा द्यावा की ज्याला गावात नेटवर्क मिळते. वावरात गेल्यावर फोन लागत नसेल तर घरातील दुसरा क्रमांकही लिहावा.

हाताने केलेले काम लिहावे

या पत्रकातील सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला एक विद्यार्थी "मातीपरीक्षणावर प्रकल्प केला" एवढीच ओळ घेऊन आमच्याकडे आला होता. आम्ही त्याला अर्धा तास प्रश्न विचारले. नमुने किती घेतले, कोठून घेतले, कसे घेतले, कोणती पद्धत वापरली, यंत्र कोणी चालवले, असे विचारत गेल्यावर त्या एका ओळीतून पुष्कळ काही बाहेर आले. तीन गावांतील शेतांमध्ये इंग्रजी "व्ही" अक्षराच्या आकाराचे खड्डे करून 15 ते 20 सेंटिमीटर खोलीपर्यंतची माती त्याने स्वतः घेतली होती, सावलीत वाळवून 2 मिलिमीटरच्या चाळणीने चाळली होती आणि एकूण 24 नमुने तपासले होते. त्यानंतर त्याच्या रिझ्युमेतील नोंद अशी झाली (कंपनीला अर्थातच ती इंग्रजीत गेली):

"तीन गावांतील 24 मृदा नमुन्यांचे संकलन, पूर्वतयारी व पृथक्करण केले. सामू (पीएच) व विद्युत वाहकता 1:2.5 माती-पाणी द्रावणात मोजली. सेंद्रिय कर्ब वॉकले-ब्लॅक पद्धतीने, उपलब्ध स्फुरद ऑल्सेन पद्धतीने आणि उपलब्ध पालाश फ्लेम फोटोमीटरवर काढले. अनुमापनाची (टायट्रेशनची) सर्व कामे स्वतः केली. फ्लेम फोटोमीटर मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली चालवला."

या नोंदीत एकही विशेषण नाही, तरीही मुलगा काम जाणणारा आहे हे वाचणाऱ्याला कळते. मुलाखतीत त्याला विचारले गेले की स्फुरदासाठी ऑल्सेन पद्धतच का घेतली, ब्रे पद्धत का नाही. ब्रे पद्धत आम्लधर्मी जमिनीसाठी असते, आमच्याकडची काळी जमीन चुनखडीची आणि विम्लधर्मी असल्यामुळे सोडियम बायकार्बोनेटचे 8.5 सामूचे द्रावण वापरावे लागते, हे उत्तर त्याला पाठ करावे लागले नाही, कारण काम त्याने स्वतः केले होते. रिझ्युमेतील प्रत्येक ओळ ही मुलाखतीतील एका प्रश्नाची आपणच दिलेली निमंत्रणपत्रिका असते. ज्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही त्याला बोलावू नये.

यंत्रांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. महाविद्यालयाच्या भेटीत काचेपलीकडून एकदा एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजणारे यंत्र) पाहिलेला विद्यार्थीही "एचपीएलसीचे ज्ञान" असे लिहितो. मग मोबाइल फेज (त्या यंत्रातून वाहणारे द्रावक) 0.45 मायक्रॉनच्या फिल्टरमधून का गाळतात आणि त्यातील विरघळलेली हवा का काढून टाकतात, या अगदी प्राथमिक प्रश्नावर तो अडतो, आणि त्याच्या बाकीच्या खऱ्या कामावरचाही विश्वास उडतो. आमचा आग्रह असा आहे की प्रत्येक यंत्रापुढे "प्रात्यक्षिक पाहिले", "देखरेखीखाली चालवले" किंवा "स्वतंत्रपणे चालवले" यांपैकी एक शब्दप्रयोग असावा. सामूमापकाचे बफर द्रावणांनी अंशांकन (कॅलिब्रेशन) करणे, चार दशांश स्थळांपर्यंत वजन दाखवणारा तराजू वापरणे, ठरावीक नॉर्मॅलिटीचे (तीव्रतेचे) द्रावण करून ते प्रमाणित करणे, ही कामे विद्यार्थ्यांना क्षुल्लक वाटतात आणि ते ती लिहीत नाहीत. प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या माणसाला पहिले कित्येक महिने नेमकी हीच कामे करावी लागतात.

शेतीतील अनुभवाबद्दलही असेच आहे. बियाणे किंवा कीटकनाशक कंपनीसाठी अर्ज करताना तो लपवण्याचे काहीच कारण नाही. पेरणीआधी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर ठेवून ज्याने उगवण मोजली आहे, त्याला बीज प्रयोगशाळेतील 400 दाण्यांची चाचणी आणि सोयाबीनसाठीचे किमान 70 टक्के उगवणशक्तीचे प्रमाण हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावरील लाल, पिवळा, निळा आणि हिरवा त्रिकोण विषारीपणाची कोणती पायरी दाखवतो हे सांगता येणे हीसुद्धा पात्रताच आहे. 2017 च्या हंगामात फवारणीतील विषबाधेने आपल्या जिल्ह्यात जे घडले ते पाहिलेल्या घरातील मुलाने "सुरक्षिततेची जाणीव" असे मोघम लिहिण्याऐवजी हातमोजे, मुखपट्टी, गॉगल आणि औषधासोबतचे सुरक्षा माहितीपत्रक यांचा वापर आपण कोठे केला ते लिहावे. मात्र घरचे काम हे घरचे म्हणूनच लिहावे. त्याला "फील्ड ऑफिसर" असे नाव देऊ नये.

वही, नियम आणि खंड

औषध कंपनीत चुकलेले रीडिंग खोडरबराने पुसत नाहीत आणि त्यावर गिरवतही नाहीत. एक आडवी रेघ मारून, मूळ आकडा वाचता येईल असा ठेवून, शेजारी सही व तारीख घालतात. आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या वहीत पुष्कळदा उत्तर आधी आणि रीडिंग नंतर लिहिले जाते, हे आम्हालाही ठाऊक आहे, कारण आम्हीही तेच केले आहे. ज्यांनी प्रकल्पाची नोंदवही नीट ठेवली असेल त्यांनी ते अवश्य लिहावे. औषध कारखान्यांसाठीचे उत्तम उत्पादन पद्धतींचे नियम 1945 च्या औषध नियमावलीतील अनुसूची एममध्ये आहेत आणि त्यांची सुधारित आवृत्ती डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झाली. चाचणी प्रयोगशाळांसाठी आयएसओ/आयईसी 17025 हे मानक आहे. खाद्यपदार्थांसाठी 2006 चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आहे. यांपैकी जे आपण वाचले असेल तेवढेच लिहावे, आणि तेही ज्या उद्योगात अर्ज करतो त्यापुरते.

टक्केवारी किंवा सीजीपीए गुणपत्रिकेवर असेल तशीच द्यावी, मनाने सूत्र लावून वाढवू नये. शिक्षणानंतरच्या खंडाबद्दल मुले फार घाबरतात. दोन वर्षे स्पर्धा परीक्षेची तयारी केली असेल, किंवा वडिलांच्या आजारपणामुळे शेती पाहिली असेल, तर वर्षासह एका ओळीत तसे लिहावे. कोरी जागा पाहून वाचणारा स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो, आणि ते सहसा आपल्या बाजूचे नसते.

सोबतचे पत्र

रिझ्युमे सर्व कंपन्यांना थोड्याफार फरकाने सारखा जाऊ शकतो, पत्र मात्र एकाच पदासाठी असते. ते एका पानापेक्षा मोठे नसावे. पहिल्या परिच्छेदात पदाचे नाव, जाहिरातीचा क्रमांक आणि ती कोठे पाहिली हे लिहावे. दुसऱ्यात त्या जाहिरातीतील दोन किंवा तीन गरजा घेऊन त्यांच्यासमोर आपले काम मांडावे. शेवटी रुजू कधी होता येईल, पाळीमध्ये काम करण्याची आणि बाहेरगावी राहण्याची तयारी आहे का, ते स्पष्ट सांगावे. दूरवरच्या खेड्यातील पत्ता पाहून कंपनीच्या मनात सर्वांत आधी हीच शंका येते. सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेसाठी आम्ही तयार केलेल्या एका पत्रातील मधला भाग असा होता:

"आपल्या जाहिरातीत चुनखडी व क्लिंकरच्या रासायनिक पृथक्करणाचा उल्लेख आहे. मी अद्याप सिमेंट उद्योगात काम केलेले नाही. तथापि, पदव्युत्तर प्रात्यक्षिकांत चुनखडीतील कॅल्शियम व मॅग्नेशियम ईडीटीए अनुमापनाने स्वतः काढले असून, प्रत्येक नमुन्याची तीन समांतर रीडिंग घेण्याची मला सवय आहे."

"मी अद्याप काम केलेले नाही" हे वाक्य काढून टाकावे असे त्या मुलीच्या घरच्यांचे म्हणणे होते. आम्ही ते राहू दिले, कारण त्याच वाक्यामुळे पुढच्या वाक्यावर विश्वास बसतो.

गरीब शेतकरी कुटुंबातील असल्याने नोकरीची नितांत गरज आहे, कृपया सहानुभूतीने विचार व्हावा, असा मजकूर पत्रात घालू नये. परिस्थिती खरी असते, ती आम्ही रोज पाहतो; पण प्रयोगशाळेचा प्रमुख ती दूर करण्यासाठी माणूस शोधत नसतो, आणि विनवणीच्या सुरामुळे खालचे चांगले कामही झाकले जाते. तसेच निवड झाली आहे असे सांगून नोंदणी, गणवेश किंवा प्रशिक्षणाच्या नावाखाली आगाऊ पैसे मागणारा फोन आला, तर पैसे भरण्यापूर्वी तो संदेश आम्हाला किंवा आपल्या प्राध्यापकांना दाखवावा.

आमच्याकडे येताना

सर्व गुणपत्रिका, प्रकल्प अहवाल, प्रात्यक्षिकाची वही आणि मूळ जाहिरात सोबत आणावी. पहिला मसुदा मराठीतच, वहीच्या पानावर, आपल्या शब्दांत लिहून आणावा. इंग्रजी आम्ही करून देऊ, पण ते आपल्याला वाचून समजावून सांगितल्याशिवाय पुढे पाठवणार नाही. मांडणी साधी ठेवतो. रंगीत पट्ट्या आणि चौकटी संगणकप्रणालीला नीट वाचता येत नाहीत, आणि युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधील मराठी मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. नवीन पदवीधराचा रिझ्युमे एक पान, अनुभवी व्यक्तीचा फार तर दोन. न केलेल्या नोकरीचा अनुभव आम्ही टाइप करून देत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी.

काम झाल्यावर आपली फाइल आमच्या संगणकावर पंधरा दिवस राहते आणि नंतर काढून टाकली जाते. म्हणून पीडीएफ आणि दुरुस्त करता येणारी मूळ फाइल या दोन्ही आपल्याच ईमेलवर आमच्यासमोर पाठवून घ्याव्यात, आणि त्या ईमेलचा पासवर्ड आम्हाला न सांगता स्वतः टाकावा.