शिडाचं जहाज वारा नेईल तिकडेच जातं का?

‘शिडाचं जहाज वारा नेईल तिकडेच जातं, म्हणून मुलांना त्यावर प्रशिक्षणाला पाठवणं म्हणजे नशिबावर सोडणं.’ हा समज जुना आहे, आणि किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तसं वाटणं साहजिकही आहे.

वारा समोरून असेल तर सरळ त्याच्या तोंडावर जाता येत नाही, एवढं खरं. पण तिरकं जाता येतं. फुगलेल्या शिडावर वारा जोर लावतो, तो पुढे आणि बाजूला असा दोन्हीकडे. बाजूला सरकणं पाण्यातला तळ बराचसा अडवतो, म्हणून जहाज पुढे जातं. मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, अशी नागमोडी वाट.

चौकोनी शिडांचं मोठं जहाज वाऱ्याशी साधारण 60 अंशांचा कोन धरतं. वहीवर काढून बघा: वारा येतो त्या दिशेला 10 मैल सरकायला 20 मैल कापावे लागतात. प्रवाह आणि लाटा धरल्या तर जास्तच. म्हणून फेरीचं वेळापत्रक आखणारा जादा दिवस हाताशी ठेवतो. शिवाय आजच्या बहुतेक प्रशिक्षण जहाजांवर इंजिन असतं. बंदरात शिरताना सहसा तेच चालतं.

जहाजांचा माग दाखवणाऱ्या नकाशावर अशा जहाजाची रेघ पाहा, वाकडी वळणं दिसतील.