शरद ऋतूसाठी घराची मांडणी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ऋतू पालटू लागला की आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक ग्राहकांचा पहिला प्रश्न एकच असतो : यंदा कोणता रंग चालू आहे? प्रश्न रास्त आहे, परंतु त्याचे उत्तर देण्याआधी आम्ही खोलीतला उजेड पाहण्याची विनंती करतो, कारण शरद ऋतूत घरात सर्वांत आधी बदलतो तो उजेड. रंग, कापड आणि सामान यांचा विचार त्याच्या मागून यायला हवा. हे पत्रक त्याच क्रमाने लिहिले असून, काहीही विकत घेण्यापूर्वी आपण ते एकदा वाचावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

उजेड

शरद संपात, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असण्याचा दिवस, उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या, तर दक्षिण गोलार्धात २० किंवा २१ मार्चच्या सुमारास येतो. वर्षभरात दिवस सर्वांत झपाट्याने लहान होतो तो याच काळात. मध्यम अक्षांशांवरील प्रदेशांत हा फरक दररोज सुमारे ३ मिनिटांचा, म्हणजे आठवड्याला वीस मिनिटांच्या आसपास भरतो. दुपारचा सूर्यही आकाशात खाली उतरलेला असतो, त्यामुळे ज्या खिडकीतून उन्हाळ्यात ऊन जेमतेम चौकटीपाशी पडत असे, तिच्यातूनच ते आता खोलीत बरेच आतपर्यंत पोचते. याचा लाभ घेण्यासाठी एक पैसाही लागत नाही. वाचनाची खुर्ची त्या उन्हाच्या पट्ट्यात सरकवावी, आणि रेशमी अभ्रे, गडद रंगाचा सोफा किंवा जुने लाकडी कपाट त्या पट्ट्यातून बाजूला घ्यावे, कारण रोज एकाच जागी पडणारे ऊन कापडाचा आणि लाकडाचा रंग उडवते.

संध्याकाळचा प्रश्न वेगळा आहे. छताला एकच दिवा आणि तो ढळढळीत पांढरा, अशी व्यवस्था अनेक घरांत आढळते. दिवस मोठा असताना ती खपून जाते, पण संध्याकाळ लवकर होऊ लागली की खोली उघडीबोडकी वाटू लागते. दिव्याच्या वेष्टनावर केल्विनमध्ये लिहिलेला आकडा अवश्य पाहावा. २७०० केल्विनचा प्रकाश पिवळसर व ऊबदार असतो, ४००० चा मध्यम, तर ६५०० चा निळसर पांढरा. बसण्या-उठण्याच्या खोलीसाठी आम्ही २७०० सुचवतो, आणि एकाच खोलीत दोन टोकांचे दिवे मिसळू नयेत, असे आग्रहाने सांगतो. प्रखरता वॉटवरून नव्हे, तर ल्युमेनवरून ठरवावी : जुन्या ६० वॉटच्या तारेच्या बल्बइतका, म्हणजे सुमारे ८०० ल्युमेनचा प्रकाश आजचा एलईडी दिवा ८ ते १० वॉटमध्ये देतो. शक्य असल्यास रंग-दर्शकता निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा) ९० किंवा त्याहून अधिक असलेला दिवा घ्यावा, नाहीतर तांबडे आणि तपकिरी रंग मळकट दिसतात.

एका ग्राहकांनी बैठकीच्या खोलीची एक भिंत विटकरी रंगाने रंगवून घेतली होती. नमुना त्यांनी भर दुपारी खिडकीशी धरून निवडला होता आणि दिवसा ती भिंत खरोखर सुरेख दिसे. रात्री मात्र तीच भिंत ओल आलेल्या चिखलासारखी दिसू लागली. घरचे सगळे पुन्हा रंग काढायच्या बेतात असताना आम्ही तेथे गेलो, ६५०० केल्विनचे चार दिवे उतरवून २७०० चे लावले, आणि भिंतीला हात न लावता काम झाले. तेव्हापासून नमुन्याचा निदान दोन फूट लांब-रुंद तुकडा भिंतीवर लावून, तो सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर पाहिल्याशिवाय आम्ही कोणताही रंग पक्का करत नाही.

रंग

पानगळीच्या आधी झाडाचे पान पिवळे होते, तेव्हा तो पिवळा रंग नव्याने आलेला नसतो. तो पानात आधीपासूनच असतो. हरितद्रव्याचे विघटन झाल्यावर तो दिसू लागतो, एवढेच. (लाल रंगाची गोष्ट निराळी आहे, तो अनेक झाडांत याच काळात तयार होतो.) घराच्या बाबतीतही आम्ही हाच मार्ग धरतो : आधी काढावे, मग घालावे. आकाशी, पिस्ता आणि शुभ्र पांढऱ्या रंगाचे अभ्रे, पातळ चादरी, काचेच्या निळ्या बाटल्या महिनाभर कपाटात ठेवून पाहाव्यात. लाकडाचा मध रंग, वेताच्या खुर्चीचा सोनेरी रंग, पुस्तकांच्या चामडी पाठी, जुन्या गालिच्यातला गेरूचा धागा हे सगळे घरातच असते आणि थंड रंग बाजूला झाले की आपोआप उठून दिसते. त्यानंतर जे उणे वाटेल तेवढेच विकत घ्यावे. मोहरीसारखा पिवळा, विटकरी, शेवाळी, गडद जांभळा यांपैकी एकच रंग मुख्य धरावा आणि दुसरा त्याच्या सोबतीला थोडासाच असावा.

आता चालू रंगांविषयी. पँटोन ही रंगांची मानके ठरवणारी कंपनी दरवर्षी एक रंग जाहीर करते. २०२३ साठी तो झळझळीत किरमिजी होता, २०२४ साठी फिकट पीच आणि २०२५ साठी कॉफीची आठवण करून देणारा मऊ तपकिरी. तीन वर्षांत तीन दिशा. भिंतीचा रंग मात्र आपण अनेक वर्षांसाठी देतो. म्हणून चालू रंगाची हौस अभ्रे, पांघरूण, फुलदाणी अशा सहज बदलता येणाऱ्या वस्तूंवर भागवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग त्यात आमचे रंगकामाचे एखादे काम हातचे गेले तरी चालेल.

कापड

पडद्यांपासून सुरुवात करावी, कारण खोलीत सर्वांत मोठा कपडा तोच असतो. पडद्याची एकूण रुंदी दांडीच्या लांबीच्या दुप्पट ते अडीचपट असावी, तरच चुण्या भरीव पडतात. कापड भारी घेऊन ते अपुरे शिवण्यापेक्षा साधे कापड ऐसपैस शिवलेले केव्हाही चांगले. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटर पुढे काढावी, म्हणजे दिवसा पडदा पूर्ण बाजूला सारता येतो आणि आधीच कमी झालेला उजेड अडत नाही. जाड अस्तर लावल्यास रात्री काचेकडून येणारा गारवाही कमी जाणवतो.

मखमल निवडताना तिच्यावरून तळहात फिरवून पाहावा : एका दिशेने ती उजळ दिसते, उलट दिशेने गडद. सोफ्याचे सर्व भाग एकाच दिशेने बेतले नाहीत, तर एकाच थानातील कापड दोन रंगांचे भासते. लोकरीचे पांघरूण सोफ्याच्या हातावर टाकलेले शोभून दिसतेच, शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही, त्यामुळे दमट संध्याकाळी ती अंगाला सुखावह वाटते. उशी भरलेली दिसावी यासाठी आतली उशी अभ्र्यापेक्षा सुमारे ५ सेंटिमीटर मोठी घ्यावी. गालिचा किमान सोफ्याच्या पुढच्या पायांखाली जाईल एवढा असावा, आणि गुळगुळीत फरशीवर त्याखाली न घसरणारे अस्तर घालावेच.

काढून ठेवलेले कापड धुऊन, पूर्ण वाळवूनच कपाटात ठेवावे. न दिसणारे डाग पुढे पिवळे पडतात, आणि कसरीच्या अळ्या मळलेल्या लोकरीकडे अधिक वळतात. मेणबत्ती लावणार असाल, तर ती पडद्यापासून आणि वाळलेल्या फुलांपासून दूर ठेवावी व खोलीबाहेर जाताना विझवावी.

सल्ल्यासाठी येताना खोलीची दोन छायाचित्रे सोबत आणावीत : एक सकाळचे, दिवे न लावता काढलेले, आणि दुसरे त्याच जागेवरून रात्री, नेहमीचे दिवे लावून. सोबत सोफ्याच्या कापडाचा किंवा अभ्र्याचा एखादा तुकडा, खिडकीचे माप आणि ती कोणत्या दिशेला उघडते याची नोंद असावी.