जीर्णोद्धार की जतन? जुन्या विमानासमोर उभं राहताना

विमानांच्या संग्रहालयात ऐंशी वर्षांचं एखादं विमान दिसलं की आपण पटकन म्हणतो, 'काय सुंदर रिस्टोअर केलंय!' पुष्कळदा ते रिस्टोअर केलेलं नसतंच, जपलेलं असतं. दोन्ही कामं एकाच हँगरमध्ये चालतात, त्यामुळे गल्लत होते. खरं तर आपल्याला हा फरक ओळखीचा आहे. देवळाचा जीर्णोद्धार वेगळा आणि गडाचा ढासळता बुरूज आहे तसा सावरून धरणं वेगळं.

वॉशिंग्टनजवळ डलेस विमानतळाच्या शेजारी स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेचं उद्वार-हाझी केंद्र आहे. या फरकाचे दोन्ही नमुने तिथे आहेत.

पहिलं 'एनोला गे', बी-२९ बॉम्बर. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकला तो या विमानातून. पुढे त्याची आबाळ झाली. १९५०च्या दशकात ते काही वर्षं हवाई तळावर उघड्यावर पडून होतं. पक्ष्यांनी आत घरटी केली, आठवण म्हणून लोकांनी भाग काढून नेले. १९८४ मध्ये रिस्टोरेशन सुरू झालं आणि त्याला सुमारे तीन लाख मनुष्यतास लागले. आज त्याचा पत्रा लखलखतो. हा जीर्णोद्धार. यात एक तारीख निवडायची आणि विमान त्या दिवशी जसं होतं तिथवर मागे न्यायचं. हरवलेले भाग शोधायचे, मिळाले नाहीत तर तसेच घडवायचे, मधल्या वर्षांच्या खुणा पुसायच्या.

दुसरं 'फ्लॅक-बेट', बी-२६ मरॉडर. मला हे विमान जास्त जवळचं वाटतं. युरोपवर दोनशेहून अधिक मोहिमा करून ते परत आलं. दुसऱ्या महायुद्धात दुसऱ्या कुठल्याही अमेरिकी विमानाच्या नावावर इतक्या मोहिमा नाहीत. वैमानिक जेम्स फॅरेल यांच्या घरच्या कुत्र्याला लाडाने 'फ्ली-बेट', म्हणजे पिसवांचं खाद्य, म्हणत. फ्लॅक म्हणजे विमानविरोधी तोफांचा मारा. पिसवांच्या जागी तोफा आल्या आणि विमानाला नाव मिळालं. ते शब्दशः खरं ठरलं. विमानाला हजारावर भोकं पडली आणि जमिनीवरच्या माणसांनी त्यांवर पत्र्याची ठिगळं रिवेटनी, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांनी, ठोकून बसवली. नाकाजवळ मोहिमांची नोंद म्हणून काढलेल्या छोट्या बॉम्बच्या ओळी आहेत, सभोवती विटका रंग आहे आणि गोधडीसारखी ही ठिगळं. नवा रंग द्यायचा तर जुना खरवडावा लागतो. एकदा खरवडला की कुठलं ठिगळ आधीचं, कुठलं नंतरचं, ब्रश किती घाईत फिरला, हे सगळं कायमचं गेलं. म्हणून मूळ रंग राखायचा असं ठरलं. हे जतन.

जतन म्हणजे हात न लावणं, असा समज असतो. तो चुकीचा आहे. ब्रिटनमध्ये जून २०१३ मध्ये समुद्रतळातून डॉर्नियर डीओ-१७ हे जर्मन बॉम्बर वर काढलं. १९४०च्या ऑगस्टपासून ते खाऱ्या पाण्यात उलटं पडलेलं होतं. कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स संग्रहालयात त्याच्यावर सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाचे फवारे मारले. लिंबात असतं तेच हे आम्ल. काळवंडलेलं पितळ लिंबाने घासणाऱ्या घराला यात नवल वाटणार नाही. मीठ आणि समुद्री थर निघावेत, गंज थांबावा, एवढाच हेतू होता. ते पुन्हा बॉम्बरसारखं दिसावं असा नव्हता.

माझा कल उघड आहे: मूळ रंग उरला असेल तर तो राखावा. कोरीव दगडी देवळाला ऑइल पेंट फासलेला दिसला की पोटात कालवतं, त्यातलीच ही भावना. पण एनोला गेची लूटच झाली होती. तिथे जीर्णोद्धाराला इलाज नव्हता. जपलेल्या विमानाचा जीर्णोद्धार उद्याही करता येतो. एकदा जीर्णोद्धार झाला की मागे फिरता येत नाही. म्हणून घाई नको.

विमान पुन्हा उडवायचं असेल तर बदल आणखी खोलवर जातात, कारण तिथे सुरक्षितता आधी येते. २०१८ मध्ये इंग्लंडहून उडत दिल्लीजवळच्या हिंडन हवाई तळावर आलेलं हवाई दलाचं 'परशुराम' पाहा. ते डकोटा जातीचं जुनं वाहतूक विमान आहे. त्यावरचा व्हीपी ९०५ हा क्रमांक त्याचा मूळचा नाही. २७ ऑक्टोबर १९४७ला श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डकोटाचा तो आहे. ही मनापासूनची मानवंदना आहे, पण 'हेच ते विमान' म्हणणं बरोबर नाही.

गोव्यात दाबोळीजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. तिथे सी हॉक आणि अलिझे उभी आहेत. १९७१ मध्ये विक्रांतवरून उडाली ती याच जातीची विमानं. त्यांना समुद्राचा खारा वारा लागतो आणि उघड्यावरच्या पत्र्याला रंग हेच छप्पर. तिथे गेलात तर रिवेटच्या डोक्यांकडे आणि पत्र्याच्या सांध्यांकडे निरखून पाहा. कडा बोथट झाल्या असतील, सांधे बुजले असतील, तर रंगाचे हात चढत गेलेत असं समजा.