काळा धूर (जुनी डिझेल वाहने)

डिझेल इंजिनाच्या सायलेन्सरमधून निघणारा काळा धूर म्हणजे हवा पुरेशी न मिळाल्याने अर्धवट जळालेल्या इंधनाची काजळी. निळा धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे सांगतो. पांढरा धूर न पेटलेल्या डिझेलच्या वाफेचा किंवा सिलिंडरमध्ये शिरलेल्या पाण्याचा असतो. त्या दोघांच्या मानाने काळा धूर बरा, कारण इंजिन पेटते आहे, फक्त हवा आणि डिझेल यांचा हिशेब बिघडला आहे. ही नोंद कॉमन रेल (सगळ्या नोझलांना एका सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल देणारी नवी पद्धत) येण्यापूर्वीच्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांपुरती आहे : महिंद्राच्या जीप, टाटा ४०७, जुन्या सुमो आणि पश्चिम महाराष्ट्रात वडापला (शेअर प्रवासी वाहतुकीला) वर्षानुवर्षे राबलेल्या गाड्या.

पेट्रोल इंजिनात पेडल हवा कमी-जास्त करते. डिझेल इंजिनात हवा सहसा सिलिंडरभर येतेच, पेडल फक्त डिझेल वाढवते. एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते, हे झाले कागदावरचे गणित. आत फवारलेल्या डिझेलला हवेत मिसळायला मिळतात जेमतेम काही मिलिसेकंद. त्यामुळे प्रत्यक्षात हवा बरीच जास्त लागते आणि ती १८-२० किलोंच्या खाली उतरली की धूर दिसू लागतो. म्हणजे डिझेल वाढले तरी धूर, हवा घटली तरी धूर. गॅरेजमध्ये मात्र ‘नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) गेले’ हा निकाल बॉनेट उघडण्याआधीच लागतो. जुन्या गाड्यांत दोष हवेच्या बाजूला निघण्याची शक्यता कमी नसते, आणि ती बाजू तपासायला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

निदानात पहिला प्रश्न धूर किती येतो हा नाही, कधी येतो हा आहे. टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) असलेल्या जुन्या गाडीने पेडल एकदम दाबल्यावर एक भपका सोडला आणि लगेच स्वच्छ झाली, तर काळजी नको. टर्बो वेग घेईपर्यंत हवा मागे पडते, इतकेच. धूर चढावर आणि भरल्या गाडीला सतत येत असेल, तर हवा कमी पडते आहे किंवा पंप जास्त डिझेल देतो आहे. उभ्या गाडीत, आयडलिंगलाच काळपट धूर आणि सोबत इंजिनाचा हेलकावा असेल, तर संशय एखाद्या नोझलवर. ‘घाटात हवा विरळ असते म्हणून धूर येतो’ ही सबब लेहला चालेल. तिथे हवेची घनता सुमारे ३० टक्क्यांनी कमी असते. लोणावळ्याच्या उंचीला ती घट सहा टक्क्यांच्या आसपास. खंडाळ्याच्या घाटात गाडी काळी ओकत असेल तर दोष गाडीचा, किंवा तिसऱ्याचे काम चौथ्यात करून घेणाऱ्या चालकाचा. चिकटलेले ब्रेक आणि घसरणारा क्लच हेही इंजिनाला विनाकारण ओझे ओढायला लावतात. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली की ब्रेकचे लगेच कळते.

यानंतर एअर फिल्टर. कागदी फिल्टर उजेडासमोर धरावा. घड्यांमधून उजेड येत नसेल तर बदलावा. जुन्या जीपमध्ये ऑइल बाथ फिल्टर असतो. त्याच्या वाटीतले तेल धुळीने लापशीसारखे घट्ट झालेले असते, आणि खुणेच्या वर तेल भरून ठेवणारेही भेटतात. टर्बोच्या गाडीत होज (हवेची रबरी नळी) वाकवून पाहावा : चीर बाहेरून दिसत नाही, दाब आला की उघडते. जोडाभोवती तेलकट काळा पट्टा दिसला तर हवा तिथून निसटते आहे. इजीआर (जळक्या धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत त्याचा व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला, तर ताज्या हवेच्या जागी जळका धूरच पुन्हा आत जातो.

हवेची बाजू निर्दोष निघाली की मग नोझल. इंजिन आयडलिंगला ठेवून एकेका सिलिंडरच्या प्रेशर पाइपचा (पंपाकडून नोझलला डिझेल नेणाऱ्या नळीचा) नट पान्याने किंचित ढिला करतात. आवाज बदलून इंजिन अडखळले तर तो सिलिंडर काम करतो आहे. नट ढिला करूनही फरक पडला नाही तर तो आधीपासूनच बसलेला. आणि धूरच थांबला, तर चोर सापडला. हे करताना नटावर जाड फडके आणि डोळ्यांवर चष्मा हवा, कारण दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरू शकते. कॉमन रेलच्या गाडीत हा प्रयोग मुळीच करू नये. तिथला दाब १,००० बारच्या (एक बार म्हणजे साधारण वातावरणाइतका दाब) पुढे जातो.

काढलेले नोझल पंप-नोझलच्या दुकानात हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. दांडा दाबला की चांगले नोझल करकर आवाज करत धुक्यासारखा फवारा मारते आणि टोक कोरडे राहते. खराब नोझल पिचकारीसारखी एक धार सोडते, वर टोकाला थेंब लोंबतो. तो थेंब नीट जळत नाही, त्याचीच काजळी होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत नोझल साधारण १८० ते २५० बारला, तर जुन्या इनडायरेक्ट इंजिनांत १२० ते १५० बारच्या आसपास उघडते. दाब उतरला असेल तर आत पातळ शिम (धातूची चकती) घालून वाढवतात. नाशिकला मायको कंपनीच्या सातपूरच्या कारखान्यात नोझल बनतात. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, पण जुने फिटर अजून ‘मायकोचे नोझल’ असेच मागतात.

पंपाचा दोष बहुधा माणसाचा असतो. पूर्ण लोडला किती डिझेल द्यायचे हे ठरवणारा स्क्रू कंपनी सील करून देते. पिकअप वाढावा म्हणून कुणीतरी कधीतरी ते सील तोडून स्क्रू आत फिरवलेला असतो. मालक खूश होतो, आणि ॲव्हरेज पडले की शिव्या डिझेलला घालतो. पंपाचे टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे गेले तरी ज्वलन उशिरा होऊन धूर येतो, सोबत इंजिन तापते. टायमिंग पुढे सरकले तर ठोके वाढतात. टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाचे) अंतर आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेला मिळणारा दाब) शेवटी तपासावे. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाला सकाळी उठायलाच कष्ट पडतात, त्यामुळे त्याची चाहूल आधीच लागलेली असते.

पीयूसीच्या चाचणीत गरम इंजिनाला न्यूट्रलमध्ये एकदम पूर्ण रेस देऊन धुराची घनता मोजतात. बीएस-४ या उत्सर्जन नियमांच्या आधीच्या डिझेल गाड्यांना मर्यादा ६५ हार्ट्रिज (धुराचा दाटपणा मोजणाऱ्या) एककांची. गाडीवर लोड नसल्याने या आकड्यावरून चढावरचे वागणे कळत नाही. शिवाय तोच स्क्रू चाचणीपुरता बाहेर फिरवणारे आहेतच. हा धूर केवळ दिसायला वाईट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला.

दुरुस्तीनंतर लगेच धूर पाहून फिटरशी भांडू नये. सायलेन्सरमध्ये साठलेली जुनी काजळी काही फेऱ्यांपर्यंत सुटत राहते. भरल्या गाडीने एक घाट चढून यावा, मग नळकांड्यापासून वीतभर अंतरावर पांढरे फडके धरून रेस द्यावी. कोरडी करडी छटा उमटली तर काम झाले; ओला काळा डाग पडला तर नोझल पुन्हा टेस्टरवर न्यावे लागते.