जुन्या मोटारीचे प्लास्टिक किट (नागपुरातील बांधणी)

गाजलेल्या जुन्या मोटारीची लहान प्रतिकृती पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या सुट्या भागांतून जोडण्याचा, घासण्याचा आणि रंगवण्याचा छंद. खोक्यातून येणाऱ्या भागांच्या संचाला किट म्हणतात. नागपुरात हा छंद असलेला माणूस ‘मॉडेल करतो’ असेच सांगेल. ‘प्रतिकृती’ हा शब्द प्रदर्शनाच्या फलकापुरता उरला आहे. या नोंदीत मुख्यतः १९५० ते १९७० या दशकांतली किट्स आणि त्याच जुन्या साच्यांतून नंतर काढलेल्या आवृत्त्या अभिप्रेत आहेत.

‘व्हिंटेज’ हे विशेषण इथे मोटारीला लावायचे की किटला, असा घोळ नेहमी होतो. खऱ्या गाडीपुरते उत्तर कायद्याने दिले आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज ठरते आणि तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. हाच हिशेब खोक्याला लावला, तर १९५८ चे किट आतल्या गाडीइतकेच म्हातारे आहे. त्याची दुखणीही खऱ्या गाडीसारखीच असतात: वाकलेली बॉडी, गेलेला क्रोम, कामातून गेलेले टायर.

उगम. अमेरिकेतील रेव्हेल कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘हायवे पायोनिअर्स’ ही १:३२ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्श्याएवढ्या, आद्य मोटारींची मालिका काढली, तेव्हापासून मोटारींची किट्स घराघरांत गेली. मिशिगन राज्यातील एएमटी ही कंपनी १९४८ पासून मोटार विक्रेत्यांच्या दुकानांसाठी जाहिरातीची तयार मॉडेल्स करत होती. १९५८ मध्ये तिने त्याच १:२५ प्रमाणात ‘थ्री-इन-वन’ किट आणले. एकाच खोक्यातून गाडी कारखान्यातून निघाली तशी, हौशी फेरफार केलेली किंवा शर्यतीची, अशी तीनपैकी कोणतीही करता येई. साहजिकच प्रत्येक खोक्यात न वापरलेले भाग उरतात आणि जुन्या छंदिष्टाकडे अशा भागांचा एक डबा असतोच. नागपुरात तो बहुधा सोनपापडीचा असतो. शिकागोची मोनोग्राम आणि जपानमधल्या शिझुओकाची तामिया या कंपन्यांनी १:२४ हे प्रमाण रूढ केले. त्यात खऱ्या गाडीचा एक फूट मॉडेलमध्ये अर्धा इंच होतो. सुमारे ४.३ मीटर लांबीची अ‍ॅम्बेसेडर या मापाने १८ सेंटिमीटर भरेल, तर १९५७ ची शेवरोले बेल एअर १:२५ मध्ये २० सेंटिमीटरच्या थोडी पुढे जाते.

या गाड्या आपल्याकडे अगदीच परक्या नव्हत्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईच्या शिवडीत जुळणीचा कारखाना काढला होता, आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये डॉज, प्लिमथ तयार होत. इंग्लंडच्या एअरफिक्सने १:३२ मध्ये ट्रायम्फ हेराल्डचे किट काढले होते. तीच गाडी मद्रासमध्ये स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनत असे. घरात कधीकाळी हेराल्ड असलेल्या माणसाला हे किट दाखवले, तर तो आधी दरवाजे मोजतो.

जोडणी. भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला लागून येतात. ते हाताने पिरगाळून तोडले की कडेचा लचका निघतो, म्हणून कटरने जरा लांबून कापायचे आणि उरलेला देठ पात्याने तासायचा. यासाठी सर्जिकल दुकानात मिळणारे ११ नंबरचे पाते आणि ३ नंबरचा दांडा महागड्या हॉबी-चाकूइतकेच कामाचे ठरतात. जुन्या साच्यांची दोन अर्धुके झिजून नीट मिटत नाहीत. मग भागाच्या कडेला कांद्याच्या सालीसारखा पातळ पापुद्रा येतो आणि बॉडीवर, विशेषतः मडगार्डच्या माथ्यावरून, साच्याची एक बारीक रेघ धावते. ही रेघ राहिली की रंग कितीही चांगला असला तरी गाडी खेळण्यातली दिसते. पाते उभे धरून ती खरवडावी लागते. दिव्याखाली तिरपे बघत आणि डोळ्यांपेक्षा नखावर विश्वास ठेवत हे काम चालते.

पॉलिस्टायरीनचा सांधा खरे तर चिकटत नाही, तो वितळून एकजीव होतो. दोन भाग एकमेकांवर टेकवून धरले आणि फटीच्या तोंडाशी पातळ सिमेंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवणाऱ्या द्रावाचा, ब्रश नुसता लावला, की द्राव केशाकर्षणाने फटीत धावत जातो. ती ओली काळी रेषा पुढे सरकताना दिसते. काही सेकंद थांबून हलके दाबले की मऊ झालेल्या प्लास्टिकचा एक मणी सांध्यावर वर येतो. तो पुसायचा नाही. रात्रभर वाळू देऊन घासला, की सांधा होता हे कळतही नाही. अ‍ॅक्रिलिक शीटचे काम करणारे दुकानदार ज्याला सरसकट ‘क्लोरोफॉर्म’ म्हणतात, त्या जातीचे द्रावही हे काम करतात. ते फार जलद आणि आरोग्याला वाईट असल्याने खिडकी उघडी हवी.

काचा म्हणून येणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या भागांना मात्र हा द्राव लावू नये, आणि ज्याला सगळे फेविक्विक म्हणतात ते सायनोअक्रिलेट तर मुळीच नाही. त्याच्या वाफेने विंडशील्डवर पांढरे धुके बसते. साधा फेविकॉल उत्तम: वाळला की पारदर्शक, चुकला तर पाण्याने पुसता येणारा.

जुन्या अमेरिकन किट्समधली एक गंमत सांगण्याजोगी आहे. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल म्हणजे एक लोखंडी तार, आणि ती बसवण्यासाठी इंजिनच्या ब्लॉकला आरपार भोक असते. एवढे बारीक कोरलेले इंजिन आणि त्याच्या पोटातून सळई गेलेली. काही जण ते भोक बुजवून पुढचा आस नव्याने करतात, काही जण तसेच ठेवतात. किटचे वय त्या भोकात दिसते, त्यामुळे ठेवणाऱ्यांची बाजू जास्त पटते.

हवामान. नागपुरात या छंदाचे पंचांग हवाच ठरवते. कंपनीच्या सूचनापत्रकात नसलेल्या अडचणी इथे निघतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो (मे २०१३ मध्ये तो ४७.९ पर्यंत गेला होता), आणि उन्हात बंद उभ्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते, पण पातळ छत किंवा लांब चासी त्याआधीच हळूहळू बाक धरते. बाजारातून आणलेले किट डॅशबोर्डवर विसरणे महागात पडते. वाकलेला भाग सरळ करायचा तर गरम पाण्यात धरून, सपाट काचेवर दाबून थंड करतात. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात हाताला चटका देत असले तरी एवढ्यासाठी ते पुरत नाही, गॅसवर तापवावेच लागते.

उन्हाळ्यात रंगाची अडचण वेगळी असते. फवाऱ्यातला थेंब बॉडीवर पोहोचेपर्यंत त्यातले थिनर उडून जाते आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. ही उपमा जगभर वापरतात, नागपुरात ती निदान घरची वाटते. कूलर लावून रंग मारला तर ओलसर वारा आणि खसाच्या काड्यांची धूळ, दोन्ही रंगात बसतात. पावसाळ्यात उलटे होते. लॅकर वाळताना हवेतला ओलावा पकडतो आणि चकाकीवर दुधी झाक येते. सायनोअक्रिलेट ओलाव्यानेच घट्ट होत असल्याने मे महिन्यात ते रेंगाळते आणि जुलैत बोट काढायला उसंत देत नाही. म्हणून जाणते लोक कापणे, घासणे, लांबी (खाचा बुजवायची पुट्टी) भरणे ही कामे उन्हाळ्या-पावसाळ्यात उरकून ठेवतात आणि चकचकीत रंग दिवाळी ते होळीच्या दरम्यान, सकाळी दहाच्या सुमारास मारतात.

वैशाखातल्या उन्हाचा एक उपयोग मात्र आहे. जुन्या खोक्यातल्या डिकल्सची, म्हणजे पाण्यात भिजवून उतरवायच्या चित्रांची, पारदर्शक पट्टी वर्षांनुवर्षांत पिवळी पडते. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवला की उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळेपणा उतरतो. थंड देशांत याला आठवडे लागतात, इथे त्याहून लवकर फरक दिसू लागतो. रोज तपासायला हवे, कारण लाल रंगही त्याच उन्हात उडतो. भिजवण्याआधी जुन्या डिकलवर स्वच्छ लॅकरचा एक हात मारावा. नाहीतर कोमट पाण्यात पडताच त्याचे तुकडे होतात, आणि ‘शेवरोले’ची अक्षरे वाटीत वेगवेगळी तरंगतात.

रंगकाम. शहरात या छंदाची खास दुकाने हाताशी नसतात, पण गल्लोगल्ली डेंटिंग-पेंटिंगवाले आहेत आणि त्यांच्याकडे जवळजवळ सगळे मिळते: लांबी, प्रायमर, ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड. छंदाची इथली परिभाषाही त्यांचीच आहे. लांबी पातळ ‘खेचायची’, एकदम जाड भरली की ती आकसते आणि तडकते. रंगाचा हात ‘सुका’ (हलका, लगेच वाळणारा) किंवा ‘ओला’ (भरपूर) असतो. खऱ्या मडगार्डवर चालणारी हीच रीत १:२५ मध्येही चालते, दोन सावधगिऱ्या पाळल्या की झाले. पहिली, गाड्यांच्या रंगातले जहाल थिनर उघड्या पॉलिस्टायरीनला खाते आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात, म्हणून प्रायमरचे दोन-तीन सुके हात आधी हवेत. दुसरी, गाडीच्या मेटॅलिक रंगातला चमचमता कण २५ पट लहान होत नाही. खऱ्या बॉनेटवर तो शोभतो, बोटभर बॉनेटवर तोच खडीसारखा दिसतो. बारीक कणांचा रंग मिळाला नाही तर सपाट रंग बरा. हार्डनर घालायच्या दुहेरी पीयू (पॉलीयुरेथेन) रंगात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. ते घरात, साध्या मास्कवर मारू नये.

दुसरी वाट शहराच्या महाल भागातल्या चितारओळीकडून येते. गणपती आणि तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवणाऱ्या या हातांना लहान आकारावर रंग बसवणे नवे नाही. मूर्तीचे डोळे आखण्याची रेघ आणि डॅशबोर्डवरच्या मीटरचा काटा यांत कौशल्याचा फरक फारसा नाही. बारीक केसांचा ब्रश निवडायचा कसा, लहान स्प्रेगनचा दाब किती ठेवायचा, हे तिथे पाहून शिकता येते.

क्रोमचे बंपर हा जुन्या किटचा कच्चा दुवा. ते निर्वात भांड्यात अ‍ॅल्युमिनियमचा थर बसवून केलेले असतात. चौकटीपासून कापलेल्या जागी प्लास्टिक उघडे पडते आणि वर साच्याची रेघही चकाकते. घरगुती ब्लीचमध्ये बुडवले की थोड्या वेळात थर उतरतो. मग घासून, काळ्या चकचकीत रंगावर चांदी रंग देता येतो. खिडक्यांच्या कडांना चिकट पाठीचा अतिपातळ धातूचा कागद लावतात, तो काडीने दाबून जादा भाग पात्याने सोडवतात. या कामात घाई झाली की पाते खालच्या रंगात जाते, आणि आठवड्याचे काम परत लांबीपासून सुरू होते.

टायर. बंद खोक्यातले सर्वांत धोकादायक भाग हेच. मऊ पीव्हीसीच्या टायरमधला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारे द्रव्य) वर्षांनुवर्षे झिरपतो आणि ज्या पॉलिस्टायरीनला टायर टेकला असेल, त्याला वितळवतो. कपाटातून काढलेल्या किटच्या विंडशील्डवर टायरच्या नक्षीचा ठसा उमटलेला असतो. उष्णतेने ही क्रिया वेगाने होते, त्यामुळे नागपुरात जुने खोके घरात आले की पहिले काम म्हणजे टायर वेगळ्या पिशवीत टाकणे. बसवताना रिमवर अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी मध्ये घालतात.

उपलब्धता. बहुतेक किट्स बाहेरून येतात. लहान प्रमाणातली मॉडेल्स सीमाशुल्काच्या दृष्टीने खेळण्यांच्याच गटात पडतात. खेळण्यांवरचे मूळ शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. याचा एक परिणाम असा, की नवे खोके मागवण्यापेक्षा कुणीतरी बालपणी डब्बल गोंद लावून बिघडवलेले मॉडेल सोडवणे परवडते. असे मॉडेल रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले की जुना सांधा ठिसूळ होऊन कट्‌कन सुटतो. जुना इनॅमल रंग ब्रेक ऑइलमध्ये बुडवून उतरवतात. ते कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. हातमोजे घालावेत, आणि डब्यावर ठळक चिठ्ठी चिकटवावी, कारण ते स्वयंपाकघरातल्या तेलासारखेच दिसते.

नंबर प्लेट. अमेरिकन खोक्यात तिथल्या राज्यांच्या पाट्या येतात, त्या इथे सहसा वापरत नाहीत. हौसेने एमएच ३१ ची, म्हणजे नागपूरची, पाटी छापून लावतात. १९५७ च्या शेवरोलेवर ती चुकीची आहे: राज्याची दोन अक्षरे आणि कार्यालयाचा क्रमांक ही पद्धत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आली, आणि १९५७ मध्ये महाराष्ट्र राज्यच नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्य प्रदेशात होते आणि त्यानंतर १ मे १९६० पर्यंत द्विभाषिक मुंबई राज्यात. काटेकोर माणूस जुन्या छायाचित्रांतली पाटी शोधून काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरे हाताने काढतो. बाकीचे घरच्या स्कूटरचा नंबर लावतात.