बिनदारूची हवाई छत्री

दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, एक तृतीयांश पाणी आणि सायकलच्या पंपाने दाबून भरलेली हवा. दोरी ओढून बाटली सोडली की पाणी खाली फेकलं जातं आणि रॉकेट 50-60 मीटर वर जातं. वर जाताना सगळे टाळ्या वाजवतात, खाली यायला लागलं की सगळे पांगतात. हवेचा अडथळा धरला नाही तर 60 मीटरवरून पडणारी वस्तू ताशी 120 किलोमीटरच्या वेगाने आपटते. रिकामी बाटली हलकी, तिला हवा बरीच आवरते. पण टोकाला वजन लावलेलं, पंखांमुळे सरळ नाक खुपसून येणारं रॉकेट एवढं ऐकत नाही. आमचं पहिलं रॉकेट उभ्या स्कूटरच्या सीटवर उतरलं. स्कूटर माझीच, म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटलं.

घन इंधनाच्या छोट्या रॉकेटांमध्ये अलगद उतरण्याचा हा प्रश्न दारूने सोडवलेला असतो (बंदुकीच्या). 1954 साली अमेरिकेतल्या नेब्रास्कात ऑर्व्हिल कार्लाइल या बुटांच्या दुकानदाराने भावासोबत असं छत्रीवालं (म्हणजे पॅराशूटवालं) रॉकेट बनवलं. अशा मोटरीत इंधन संपलं की एक मंद जळणारा थर काही सेकंद धुमसतो. तोवर रॉकेट शिखराला पोचतं, मग चिमूटभर दारू भडकते आणि वायूच्या दाबाने नाकावरची टोपी उडून छत्री बाहेर पडते. घड्याळ आणि धक्का, दोन्ही एकाच नळीत.

दारू काढून टाकली की ही दोन्ही कामं वेगळी करावी लागतात. धक्का सोपा आहे. एखादी स्प्रिंग किंवा ताणलेला रबरबँड छत्री सहज बाहेर ढकलतो. खरी डोकेदुखी घड्याळाची, कारण छत्री शिखरावरच उघडायला हवी. तिथे वेग सगळ्यात कमी असतो. हवेचा ताण वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे सेकंदाला 5 मीटरऐवजी 20 मीटर वेगात छत्री उघडली तर झटका 16 पट बसतो आणि दोऱ्या तटातट तुटतात. उशिरा उघडली तर खाली उंचीच उरत नाही.

सगळ्यात गरीब उपाय म्हणजे टोपी नुसती सैल ठेवायची. वर जाताना हवा तिला दाबून धरते, शिखरावर हा दाब ओसरला की ती निसटते. टोपी मात्र हलकी हवी. पाणी संपल्यावर बाटलीला हवा मागे खेचत असते. टोपी जड असेल तर ती तशीच पुढे धावते आणि भर वेगात सुटते. हलकी टोपीसुद्धा दगा देते. उड्डाण जरा तिरपं झालं की रॉकेट शिखरावर थांबतच नाही, कमान घेऊन खाली वळतं, आणि टोपी बसल्या जागी बसून राहते. आमच्याकडे दर दोन-तीन उड्डाणांत एकदा हेच व्हायचं.

मग चावीच्या खेळण्यावर आलो. जपानी खेळणी कंपनीच्या नावावरून हौशी मंडळी याला टोमी टायमर म्हणतात. खेळणं फोडायचं, आतली दातेरी चाकांची पेटी तेवढी घ्यायची. छत्रीच्या कप्प्याचं दार बंद ठेवणाऱ्या रबरबँडचा दोरा तिच्या आसाला गुंडाळायचा. उडताना अडसराची पिन निघते, आस फिरू लागतो, दोरा उलगडून निसटतो, दार उघडतं. 60 मीटरसाठी साधारण साडेतीन सेकंद लागतात. किती वेढे द्यायचे ते मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून ठरवलं. मला ही युक्ती सगळ्यात आवडते. बॅटरी नाही, कोड नाही, आणि कुर्रकुर्र आवाज ऐकू आला की यंत्र चालू आहे हे कळतं.

तरुण मंडळी थेट हवेचा दाब मोजतात. जमिनीजवळ दर 10 मीटरला तो सुमारे 1.2 हेक्टोपास्कलने उतरतो आणि नखाएवढा बीएमपी-280 सेन्सर मीटरभराचा फरकही ओळखतो. दाब उतरायचा थांबून चढू लागला की शिखर गेलं. मग 9 ग्रॅमचा सर्वो, म्हणजे हुकमाप्रमाणे फिरणारी चिमुकली मोटर, कप्प्याची पिन ओढतो. वाऱ्याच्या एका झुळकीनेही आकडा फसतो, म्हणून सलग चार-पाच नोंदी चढत्या आल्याशिवाय हुकूम द्यायचा नाही. कप्प्याला बारीक भोकं पाडायला विसरलात तर सेन्सर कोंडलेल्या हवेचाच दाब मोजत बसतो.

खूप उंच जाणाऱ्या रॉकेटांनाही दारू नकोशी होते, कारण विरळ हवेत ती नीट जळत नाही. तिथे कार्बन डायऑक्साइडची बोटभर नळकांडी फोडतात. 8 ग्रॅम वायू चार लिटरहून जास्त जागा व्यापतो.

छत्री कचऱ्याच्या पिशवीची. 300 ग्रॅमचं रॉकेट सेकंदाला 4 मीटरने उतरवायचं तर तिचा व्यास 70 सेंटिमीटरच्या आसपास लागतो. घडी घालताना टाल्कम पावडर भुरभुरवावी, नाहीतर प्लॅस्टिक एकमेकांना चिकटून छत्रीची वळकटीच खाली येते. मध्यभागी छोटं भोक ठेवलं की झोके कमी होतात.

हे सगळं एकदाचं जमलं त्या संध्याकाळी छत्री बरोबर शिखरावर उघडली. 60 मीटर उतरायला 15 सेकंद, वारा सेकंदाला 5 मीटर. हिशोबाने 75 मीटर. रॉकेट मैदानाची भिंत ओलांडून कडुनिंबाच्या शेंड्यावर जाऊन बसलं. आता नव्या छत्रीचा व्यास 50 सेंटिमीटर ठेवलाय.