बँकेच्या लिलावातील मिळकत घेण्यापूर्वी : बोजा, थकबाकी आणि ताबा

थकीत कर्जाच्या वसुलीसाठी बँका आणि वित्तसंस्था ज्या सदनिका, गाळे आणि भूखंड लिलावात काढतात, त्यांच्या जाहिराती वाचून कागदपत्रांच्या तपासणीसाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांचा पहिला प्रश्न बहुधा किमतीचा असतो. राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली बोली घेतली जात नाही ती रक्कम, बाजारभावाहून कमी दिसते आणि संधी हातची जाईल या धास्तीने घाई होते. आमचे मत असे की, त्या मिळकतीवर कोणाकोणाचे देणे चढलेले आहे आणि तिचा ताबा आज कोणाकडे आहे, या दोन गोष्टी कळल्याशिवाय ती स्वस्त की महाग हे ठरवता येत नाही. हे पत्रक मुख्यतः त्या दोन गोष्टींविषयी आहे.

लिलावाची रीत

कर्जाची थकबाकी ९० दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते. त्यानंतर सरफेसी कायदा, २००२ च्या कलम १३(२) नुसार कर्जदाराला ६० दिवसांची मागणी नोटीस दिली जाते, आणि त्या मुदतीत रक्कम भरली गेली नाही तर बँकेचा प्राधिकृत अधिकारी न्यायालयात दावा न लावता तारण मिळकतीचा ताबा घेऊन ती विकू शकतो. पहिल्या लिलावासाठी जाहिरात आणि विक्री यांत ३० दिवसांचे अंतर लागते. तो लिलाव फसला तर पुढच्यासाठी १५ दिवस पुरतात. एकाच मिळकतीची जाहिरात राखीव किंमत उतरवून तिसऱ्यांदा आलेली दिसली, तर आनंद मानण्यापूर्वी आधीच्या दोन वेळी कोणी पुढे का आले नाही, याची चौकशी करावी.

बोली मंजूर झाली की, ईएमडी म्हणजेच अनामत धरून, एकूण किमतीच्या २५ टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी भरावी लागते. उरलेली ७५ टक्के रक्कम विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत द्यायची असते. बँकेने लेखी मुदतवाढ दिली तरी ती एकूण तीन महिन्यांपलीकडे जात नाही. ही रक्कम वेळेत उभी राहिली नाही तर भरलेले २५ टक्के जप्त होतात, आणि ही जप्ती कायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. गृहकर्जावर अवलंबून असलेल्या ग्राहकाने म्हणूनच बोलीच्या आधी आपल्या बँकेकडून तत्त्वतः मंजुरी घ्यावी. लिलाव जिंकल्यावर कर्जासाठी धावपळ करणे हा आमच्या दृष्टीने जुगार आहे.

कर्जदाराने शेवटच्या क्षणी पैसे भरले तर काय, अशी शंका पुष्कळांना असते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर मिळकत सोडवून घेण्याचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होताच संपतो. नवी मुंबईतील एका औद्योगिक भूखंडाच्या प्रकरणात लिलावातील बोली १०५.०५ कोटी रुपयांची होती आणि कर्जदाराने नंतर १२९ कोटी रुपये देऊ केले. मुंबई उच्च न्यायालयाने ते स्वीकारण्याची मुभा दिली, परंतु सर्वोच्च न्यायालयाने २१ सप्टेंबर २०२३ रोजी तो निर्णय रद्द करून लिलावातील खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. मात्र बँकेच्या कारवाईतच दोष असेल तर कर्जदाराला ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. असा अर्ज प्रलंबित आहे का, हे बोलीपूर्वी तपासावेच लागते.

येथे एक फरक ध्यानात ठेवावा. सहकारी बँका सरफेसी कायद्याखाली वसुली करू शकतात, हे कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूड येथील बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२० मध्ये ठरवले. पतसंस्थांचा मार्ग निराळा आहे: तेथे विशेष वसुली अधिकारी महाराष्ट्र सहकारी संस्था नियम, १९६१ मधील नियम १०७ प्रमाणे विक्री करतो, खरेदीदाराला प्रथम १५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि थकबाकीदाराने ३० दिवसांत देणे भरून खरेदीदारासाठी किमतीच्या ५ टक्के रक्कम जमा केली तर विक्री रद्द होऊ शकते. पतसंस्थेच्या लिलावात मिळालेला गाळा तो महिना उलटेपर्यंत आपला झाला असे समजू नये.

मिळकतीबरोबर येणारी देणी

जाहिरातीत ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे, जे काही आहे तेथे आहे’ असे शब्द असतात. ते शोभेचे नाहीत. मिळकतीची स्थिती आणि तिच्यावरील देणी यांची चौकशी खरेदीदाराने स्वतः करावयाची आहे, आणि पुढे काही निघाले तर बँक हात वर करील, असा त्यांचा व्यवहारातील अर्थ आहे. बँकेला ठाऊक असलेले बोजे जाहिरातीत लिहिणे नियमांनुसार आवश्यक असते. पण ‘बँकेच्या माहितीनुसार बोजा नाही’ या वाक्यातील पहिले दोन शब्द ग्राहक वाचत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

सर्वांत हमखास निघणारे देणे म्हणजे मालमत्ता कर. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १४१ प्रमाणे, आणि मुंबईत १८८८ च्या अधिनियमाच्या कलम २१२ प्रमाणे, हा कर त्या मिळकतीवरील पहिला बोजा मानला जातो. मालक बदलला तरी तो मिळकतीला चिकटून राहतो, आणि थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती चढत असते. कर्जदाराने हप्ते थांबवले त्याच सुमारास कर भरणेही थांबवले असेल, असे धरूनच हिशेब मांडावा.

गृहनिर्माण संस्थेची येणी हा दुसरा विषय आहे. थकीत देखभाल खर्चावर आदर्श उपविधींनुसार वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येते, आणि जुनी बाकी चुकती होईपर्यंत संस्था सभासदत्वाच्या हस्तांतरणाला अडून राहते. त्यामुळे सचिवांकडून थकबाकीचा लेखी उतारा घ्यावा; तोंडी आकडा नंतर वाढतो. विजेच्या बाबतीत, आधीच्या ग्राहकाची थकबाकी नियमांत तरतूद असल्यास लिलावातील खरेदीदाराकडून मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये म्हटले आहे. महाराष्ट्रात वारसाखेरीज इतर नव्या मालकावर ही जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत आकारांपुरती असते. बंद पडलेल्या कारखान्यासाठी एवढीही रक्कम मोठी असू शकते.

सातबारा उताऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर विक्रीकर विभागाचा बोजा दिसला की काही ग्राहक तिथेच माघार घेतात, आणि काही त्याकडे काणाडोळा करतात. दोन्ही टोके आम्हांला मान्य नाहीत. सरफेसी कायद्याच्या २४ जानेवारी २०२० पासून लागू झालेल्या कलम २६-ई नुसार, ज्या बँकेने आपल्या तारणाची नोंद सेरसाई या केंद्रीय नोंदणीत केली आहे, तिचा हक्क सरकारी करांच्या आधी येतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने जळगावच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात ऑगस्ट २०२२ मध्ये याची सविस्तर चर्चा केली आहे. तेव्हा बँकेची नोंद कधी झाली, कर विभागाची जप्ती कधीची आहे आणि ती महसुली अभिलेखात केव्हा चढली, या तारखा शेजारी शेजारी मांडल्याशिवाय मत देता येत नाही. आमच्या शोध अहवालातील सर्वाधिक वेळ याच कामात जातो.

ताबा

सांकेतिक ताबा म्हणजे दारावर चिकटवलेली नोटीस. आत माणसे राहतच असतात. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला सरफेसी कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. आदेशासाठी कायद्याने ३० दिवस, आणि कारणे नोंदवून एकूण ६० दिवसांपर्यंत मुदत ठेवली असली, तरी व्यवहारात त्याहून जास्त काळ जाताना दिसतो. घरात भाडेकरू असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण भाडे नियंत्रण कायद्याने संरक्षित असलेल्या खऱ्या भाडेकरूला केवळ सरफेसीच्या आधारे बाहेर काढता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा निर्णय आहे. स्वतः राहण्यासाठी घर घेणाऱ्याने सांकेतिक ताब्यातील सदनिकेच्या वाटेला जाऊ नये, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

शेतजमिनीचे तारण सरफेसीच्या कक्षेबाहेर आहे. जाहिरातीतील जमीन खरोखर बिनशेती झाली आहे का, ती भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतरित न होणारी, आहे का, आणि एमआयडीसी किंवा सिडकोचा भाडेपट्टा असल्यास हस्तांतरण शुल्क किती लागेल, हे कागदावरून पाहावे.

अमेरिकेतील कर-बोज्याविषयी

न्यू जर्सीत नातेवाईक असलेले काही ग्राहक तेथील कर-बोजा प्रमाणपत्रांबद्दल विचारतात. तेथे नगरपालिका थकीत मालमत्ता कराचे प्रमाणपत्र लिलावात विकते. बोली १८ टक्के व्याजापासून खाली उतरत जाते, आणि घेणाऱ्याला घर नव्हे, तर कर वसूल करण्याचा हक्क मिळतो. मालकाने रक्कम फेडली की व्यवहार संपतो. न फेडल्यास साधारणपणे दोन वर्षांनी न्यायालयात जाता येते. महाराष्ट्रात असे प्रमाणपत्र विकले जात नाही. येथे महापालिका मिळकत जप्त करून तिचाच लिलाव करते. येथील भूखंडावर ‘टॅक्स लीन’मध्ये पैसे गुंतवा असे कोणी सांगत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नये.

आमच्याकडे येताना

जाहिरातीचे कात्रण किंवा बँकांच्या लिलावांच्या बँकनेट संकेतस्थळावरील मिळकतीच्या पानाची प्रत, लिलावाच्या अटी आणि मिळाल्यास कर्जदाराच्या खरेदीखताची सूची क्रमांक २ (दस्तनोंदणीचा गोषवारा) सोबत आणावी. दुय्यम निबंधक कार्यालयातील ३० वर्षांचा शोध, महापालिका व संस्थेकडील थकबाकी आणि न्यायाधिकरणातील प्रकरणे पाहून आम्ही लेखी अहवाल देतो. ग्राहकाच्या वतीने बोली लावत नाही आणि बँकेकडून दलालीही घेत नाही. अनामत भरण्याची मुदत दोन-तीन दिवसांवर आलेली असेल तर ही तपासणी नीट होत नाही, म्हणून अशी कामे आम्ही स्वीकारत नाही. जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून पहिल्या आठवड्यात यावे.